पीसी बांधताय? एसएमपीएस निवडायचा कसा ते आधी वाचा

पहिल्यांदा पीसी असेंबल करणारे बहुतेक जण बजेट काढताना आधी ग्राफिक्स कार्ड, मग प्रोसेसर, मग रॅम, एसएसडी, काचेचं लाईटवालं कॅबिनेट असं करत करत खाली येतात आणि शेवटी जे दीड-दोन हजार उरतात त्यात एसएमपीएस, म्हणजे सगळ्या पीसीला वीज पुरवणारा डबा, बसवतात. काही जण तर कॅबिनेटसोबत फुकट आलेलाच वापरतात. दुकानदार पण सांगतो, हा घ्या, सगळे हाच नेतात, चालतो. चालतो हे खरंय, बटण दाबलं की पीसी सुरू होतो, विंडोज येतं, गेम पण थोडा वेळ चालतो. पण मे महिन्यात भर दुपारी व्होल्टेज १८० वर आलंय, रूममध्ये ३८-४० डिग्री आहे आणि ग्राफिक्स कार्ड पूर्ण ताकदीने चाललंय, तेव्हा तो काय करतो हे बघायला पाहिजे. आणि जेव्हा जातो तेव्हा एकटा जातो का सोबत मदरबोर्ड घेऊन जातो हे पण.

कारण पीसीमध्ये हा एकच पार्ट असाय जो बाकी सगळ्यांना वायरने जोडलेला असतो. रॅम खराब झाली तर रॅम बदलायची, विषय संपला. पण एसएमपीएस वाईट पद्धतीने गेला तर मदरबोर्ड, कार्ड, हार्ड डिस्क, त्यातले घरच्यांचे फोटो, कशाचाच भरवसा नाही. म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितोय, नवीन लोकांनी पूर्ण वाचा, घाई असेल तर निदान लेबलचा आणि अर्थिंगचा भाग तरी वाचाच.

आधी थोडं, तो आत करतो काय

(दुकानात एसएमपीएस म्हणतात, डब्यावर पॉवर सप्लाय किंवा पीएसयू लिहिलेलं असतं, एकच वस्तू.)

भिंतीतून येतो २३० व्होल्ट ५० हर्ट्झचा एसी. पीसीला पाहिजे डीसी, तोही १२, ५ आणि ३.३ व्होल्टचा, शिवाय पीसी बंद असताना सुद्धा चालू राहणारा ५ व्होल्टचा स्टँडबाय. तर आलेली लाईट आधी फिल्टरमधून जाते, मग रेक्टिफायर तिचा डीसी करतो, चांगल्या युनिटमध्ये पुढे ॲक्टिव्ह पीएफसी नावाचं सर्किट ते साधारण ३८०-४०० व्होल्टला नेऊन ठेवतं, ते एका मोठ्या कॅपॅसिटरमध्ये साठतं, तिथून ट्रान्झिस्टर ते सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करत छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून पाठवतात आणि पलीकडून १२ व्होल्ट निघतो. चांगल्या डिझाइनमध्ये ५ आणि ३.३ हे त्या १२ पासून वेगळ्या डीसी-टू-डीसी बोर्डवर बनवतात. स्वस्तातल्या जुन्या डिझाइनमध्ये १२ आणि ५ एकत्रच रेग्युलेट होतात, त्याला ग्रुप रेग्युलेटेड म्हणतात, आणि त्यात गोची अशी की १२ वर भरपूर लोड आणि ५ वर जवळजवळ काहीच नाही अशी वेळ आली की एक खाली जातो, दुसरा वर चढतो. आणि आजच्या पीसीमध्ये नेमकं हेच होतं, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही जवळपास सगळी पॉवर १२ व्होल्टवरूनच घेतात.

एटीएक्स नावाचं स्टँडर्ड आहे, इंटेलने १९९५ मध्ये आणलं, त्यात सगळ्याच्या मर्यादा ठरवून दिल्यात. १२ व्होल्टची लाईन ५ टक्के वरखाली चालते, म्हणजे ११.४ ते १२.६. ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५. त्याशिवाय रिपल म्हणून एक प्रकार असतो, म्हणजे डीसीवर उरलेली बारीक थरथर, ती १२ व्होल्टवर १२० मिलिव्होल्टच्या आत आणि ५ व ३.३ वर ५० मिलिव्होल्टच्या आत पाहिजे. रिपल डोळ्याला दिसत नाही, साध्या मल्टिमीटरवर पण कळत नाही, त्याला ऑसिलोस्कोप लागतो. पण जास्त रिपल असेल तर मदरबोर्ड आणि कार्डवरचे कॅपॅसिटर जास्त तापतात आणि लवकर म्हातारे होतात, म्हणजे एसएमपीएस व्यवस्थित चालू दिसतो आणि वर्ष-दोन वर्षांनी दोष मदरबोर्डला जातो.

पायरी १: तुमचा लोड काढा

इथे लोक दोन्ही बाजूंनी चुकतात, कोणी ६०० वॅटच्या पीसीला ४५० चा लावतो, कोणी २५० वॅटच्या पीसीला १००० वॅटचा घेतो.

हिशोब सोपा आहे. प्रोसेसर जास्तीत जास्त किती घेतो, अधिक ग्राफिक्स कार्ड किती घेतं, अधिक मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, फॅन मिळून ५०-६० वॅट. समजा रायझन ५ ५६०० आहे, डब्यावर ६५ वॅट लिहिलंय पण ९० धरा, आणि आरटीएक्स ४०६० म्हणजे ११५ वॅट. एकूण २६० च्या आसपास. याला चांगला ५०० किंवा ५५० खूप झाला. दुसरं उदाहरण, आय५ १२४००एफ, ज्याचा टर्बो ११७ वॅटपर्यंत जातो, आणि आरटीएक्स ४०७० म्हणजे २०० वॅट, तर ३८० च्या आसपास, तिथे ६५० घ्या. मोठ्या इंटेल चिप, १४७००के वगैरे, त्या एकट्याच २५३ वॅटपर्यंत जातात, आणि आरटीएक्स ४०९० एकटं ४५० वॅटचं, मग तिथे ८५० पासून पुढे विचार करायचा.

एवढं जास्तीचं का ठेवायचं, तर ग्राफिक्स कार्ड एकसारखी पॉवर ओढत नाही. मिलिसेकंदाच्या आतबाहेर मोठे झटके घेतं. २०२० मध्ये आरटीएक्स ३०८० आणि ३०९० आले तेव्हा हे फार जाणवलं, सरासरी ३२०-३५० वॅटचं कार्ड क्षणभर त्याच्या बरंच वर जायचं आणि एसएमपीएसचं प्रोटेक्शन त्याला शॉर्ट समजून पीसी बंद करायचं. म्हणून २०२२ च्या एटीएक्स ३.० मध्ये असं घातलं की नवीन १६ पिनचा कनेक्टर असलेल्या, ४५० वॅटच्या वरच्या युनिटने १०० मायक्रोसेकंदांसाठी दुप्पट लोड सहन करायचा. नवीन पीसीमध्ये मोठं कार्ड टाकणार असाल तर एटीएक्स ३.० किंवा ३.१ लिहिलेलाच बघा. ४०६० सारखं छोटं कार्ड असेल तर यासाठी जास्त पैसे घालवायची अजिबात गरज नाही.

पायरी २: डब्यावरचा मोठा आकडा सोडा, लेबल वाचा

हे सगळ्यात महत्त्वाचं आणि यात एक पैसा लागत नाही. एसएमपीएसच्या बाजूला एक टेबल छापलेलं असतं, प्रत्येक व्होल्टेजखाली किती अँपिअर ते. १२ व्होल्टखालचे अँपिअर घ्या आणि १२ ने गुणा. जो आकडा येईल तो तुमचा खरा एसएमपीएस.

समजा डब्यावर मोठ्या अक्षरात ४५० लिहिलंय आणि टेबलमध्ये १२ व्होल्टखाली १८ अँपिअर. १८ गुणिले १२ म्हणजे २१६ वॅट. बाकीचे वॅट कुठे गेले? ते ५ आणि ३.३ व्होल्टवर दाखवलेत, जे आजच्या पीसीला लागतच नाहीत. चांगल्या ५५० वॅटच्या युनिटवर १२ व्होल्टला ४५ अँपिअरच्या आसपास लिहिलेलं असतं, म्हणजे जवळजवळ पूर्ण ५५०. दोन १२ व्होल्टच्या लाईन दाखवल्या असतील, १२व्ही१ आणि १२व्ही२, तर त्यांची नुसती बेरीज करू नका, खाली दोन्ही मिळून किती वॅट ते वेगळं लिहिलेलं असतं ते धरा. आणि असं काही लिहिलेलंच नसेल तर ठेवून द्या परत.

लेबलवरच इनपुट बघा. १००-२४० असेल तर उत्तम, म्हणजे व्होल्टेज बरंच पडलं तरी तो सांभाळून घेतो. २००-२४० एवढंच असेल तर गावाकडे किंवा जिथे संध्याकाळी व्होल्टेज खाली येतं तिथे तो त्रास देणार. मागे लाल स्विच असेल, ११५/२३० वाला, तर ते जुनं डिझाइन आहे, आणि चुकून ११५ वर राहिला आणि आपल्या २३० ला लावला तर मोठा आवाज होऊन तिथेच संपतो.

आणखी एक, हातात घेऊन वजन बघा. हा काही पक्का पुरावा नाही, पण एकाच वॅटचे दोन युनिट आणि एक रिकाम्या डब्यासारखा हलका लागत असेल तर आतमध्ये हीटसिंक, कॉइल, कॅपॅसिटर सगळंच बारीक आहे.

पायरी ३: ८० प्लस म्हणजे काय आणि काय नाही

८० प्लस हा प्रोग्रॅम २००४ पासून आहे आणि तो मोजतो मुख्यतः एफिशियन्सी, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या पॉवरपैकी किती टक्के पीसीपर्यंत पोचते. ब्राँझ, गोल्ड, प्लॅटिनम वगैरे सगळं त्याचंच. रिपल किती, प्रोटेक्शन आहेत का, झटका सहन होतो का, यातलं काहीही ८० प्लस सांगत नाही. शिवाय टेस्ट होते २३ डिग्रीला. नागपूर, अकोला, चंद्रपूरकडच्या मंडळींनी हे लक्षात ठेवा, तुमच्या इथे मे महिन्यात बाहेर ४५ असतं आणि कॅबिनेटच्या आत रूमपेक्षा जास्तच. तेव्हा स्पेसिफिकेशनमध्ये पूर्ण वॅट किती डिग्रीपर्यंत देतो ते शोधा. काही युनिट ४० डिग्रीपर्यंत रेट केलेले असतात, चांगले ५० पर्यंत, आणि तो फरक विदर्भात नुसता कागदावरचा राहत नाही.

आता गोल्ड घ्यावा का ब्राँझ? वीजबिल वाचेल म्हणून गोल्ड घेणाऱ्यांसाठी हिशोब करून दाखवतो. ३०० वॅटचा लोड, दिवसाला सहा तास. अर्ध्या लोडवर २३० व्होल्टला ब्राँझची एफिशियन्सी साधारण ८८ टक्के, गोल्डची ९२. ब्राँझ भिंतीतून ३४१ वॅट ओढणार, गोल्ड ३२६. फरक १५ वॅट. सहा तासाला ९० वॅट-अवर, वर्षाला साधारण ३३ युनिट, युनिटला १० रुपये धरले तर वर्षाचे ३३० रुपये. म्हणजे फक्त बिलासाठी दोन-तीन हजार जास्त घालण्यात अर्थ नाही. गोल्ड घ्यायचं खरं कारण वेगळंय, की त्या किमतीत कंपन्या सहसा डिझाइनही चांगलं देतात, डीसी-टू-डीसी असतं, जपानी १०५ डिग्रीचे कॅपॅसिटर असतात, फॅन शांत असतो, वॉरंटी जास्त असते. सहसा म्हटलंय, नेहमी नाही. चांगला ब्राँझ हा वाईट गोल्डपेक्षा कधीही बरा.

आणि ८० प्लसच्या जागी नुसतं "८५+" असा स्वतःच छापलेला स्टिकर दिसला तर त्याला काही किंमत नाही. मॉडेल नंबर घेऊन ८० प्लसच्या ऑनलाइन यादीत शोधायचा, तिथे नसेल तर नाही. सायबेनेटिक्स नावाच्या टेस्टिंग संस्थेची पण यादी आहे, ती मला जास्त उपयोगी वाटते कारण त्यात आवाज सुद्धा मोजलेला असतो.

पायरी ४: प्रोटेक्शन बघा, आणि कंपनीचं नाही मॉडेलचं नाव बघा

प्रोटेक्शनची लांब यादी असते, ओव्हर व्होल्टेज, अंडर व्होल्टेज, ओव्हर करंट, ओव्हर पॉवर, ओव्हर टेंपरेचर, शॉर्ट सर्किट. स्वस्त युनिटमध्ये नुसतं शॉर्ट सर्किटचं असतं आणि ते सुद्धा धड चालेल याची खात्री नसते. ओव्हर टेंपरेचरचं आपल्या हवामानात फार कामाचं, फॅन अडकला किंवा धुळीने बंद पडला तर तो जळण्याआधी बंद होतो.

पण नुसतं यादीत नाव असून पुरत नाही, ते किती आकड्यावर सेट केलंय हे पण महत्त्वाचं. याचं गाजलेलं उदाहरण २०२१ चं. कार्डांचा तुटवडा होता तेव्हा अमेरिकेत गिगाबाइटचे पी७५०जीएम आणि पी८५०जीएम हे गोल्ड युनिट ग्राफिक्स कार्डसोबत बंडल करून विकले जात होते, आणि रिव्ह्यू करणाऱ्यांच्या टेस्टमध्ये ते मोठा आवाज करून फुटायला लागले. ऑगस्टमध्ये कंपनीने निवेदन काढलं, त्यात आलं की ओव्हर पॉवर प्रोटेक्शन १२० ते १५० टक्क्यांवर होतं, म्हणजे ७५० वॅटचा युनिट ९०० ते ११२५ वॅटपर्यंत बंदच होणार नव्हता. ते नंतर ११० ते १२० टक्क्यांवर आणलं आणि ठराविक सिरियल नंबरचे युनिट बदलून द्यायची सोय केली. कंपनीचं म्हणणं होतं की टेस्ट फार वेळ आणि फार ताणून केल्या. ते काही असो, ओव्हर पॉवर प्रोटेक्शनचं कामच ते आहे की ताणलं तर बंद व्हायचं, फुटायचं नाही. आणि हे मोठ्या नावाचं, गोल्ड स्टिकरचं युनिट होतं.

म्हणून ब्रँडवर जाऊ नका. बरेच ब्रँड स्वतः एसएमपीएस बनवतच नाहीत, सीडब्ल्यूटी, ग्रेट वॉल, एचईसी, एफएसपी, सीसॉनिक, सुपर फ्लॉवर अशा कंपन्यांकडून बनवून घेतात, आणि एकाच ब्रँडची एक सिरीज उत्तम आणि दुसरी टुकार असं सर्रास असतं. पूर्ण मॉडेलचं नाव आणि शक्यतो साल टाकून रिव्ह्यू शोधा, आणि रिव्ह्यू असा पाहिजे ज्यात लोड टेस्टर आणि ऑसिलोस्कोप लावून आकडे दिलेत. डबा उघडला, केबल किती मऊ आहेत, लूक छान, असा रिव्ह्यू एसएमपीएससाठी बिनकामाचा. एवढं करायला वेळ नसेल तर वॉरंटी बघा. तीन वर्षं म्हणजे कामचलाऊ, पाच म्हणजे ठीक, सात-दहा वर्षं देणारी कंपनी आतमध्ये काय घातलंय ते जाणून असते.

पायरी ५: तुमच्या घरची लाईट

परदेशातले व्हिडिओ यावर काहीच बोलत नाहीत कारण त्यांना गरज नाही. आपल्याला आहे.

अर्थिंगपासून सुरू करू. तुम्ही कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येतात का, विशेषतः अनवाणी असताना? टेस्टर लावला तर हलका पेटतो का? बरेच जण एसएमपीएस खराब आहे म्हणून बदलून आणतात आणि नवीन लावला तरी तेच. कारण असंय की फिल्टरमध्ये दोन छोटे कॅपॅसिटर फेज आणि न्यूट्रलमधून कॅबिनेटच्या बॉडीला जोडलेले असतात, गडबड अर्थमध्ये सोडायला. घरात अर्थिंगच नसेल तर बॉडीवर मेनच्या अर्धा, म्हणजे ११५ च्या आसपास व्होल्टेज तरंगत राहतो. करंट फार थोडा असतो म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात, पण त्या चालवून घ्यायच्या नसतात, आणि त्यात एचडीएमआय केबल काढता-घालताना पोर्ट उडण्याचा धोका असतो. जुने वाडे, चाळी, भाड्याच्या रूम, इथे तीन पिनचा सॉकेट असतो पण तिसऱ्या भोकाच्या मागे वायरच नसते.

तपासायचं कसं: मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवायचा, फेज-न्यूट्रल २३० च्या आसपास, फेज-अर्थ पण साधारण तेवढंच, आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत पाहिजे. फेज-अर्थ भलतंच कमी किंवा न्यूट्रल-अर्थ २०-३०-५० दाखवत असेल तर अर्थिंग नाही किंवा सैल आहे. मीटर वापरायची सवय नसेल तर हे स्वतः करू नका, चांगला वायरमन बोलवा. काही वायरमन सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतात आणि सांगतात झालं काम. ते करू देऊ नका, कधी न्यूट्रल सुटला तर कॅबिनेटवर पूर्ण २३० येईल आणि त्यात जीव जाऊ शकतो.

दुसरं, न्यूट्रल तुटणे. थ्री फेज लाईनवर सोसायटीचा किंवा डीपीवरचा न्यूट्रल तुटला की काही घरांत व्होल्टेज ३०० च्या वर, अगदी ४०० च्या जवळ जातं, आणि एका रात्रीत अख्ख्या बिल्डिंगचे टीव्ही-फ्रिज जातात. स्पाइक गार्ड याला थांबवत नाही, तो क्षणभराच्या झटक्यासाठी असतो, आणि अर्थिंग नसेल तर त्याचंही अर्धंच काम होतं. यासाठी डीबी बॉक्समध्ये (घरातला एमसीबीचा डबा) ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून मिळतो, व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की लाईन तोडतो, परत नीट झालं की थोड्या वेळाने जोडतो. तुमच्या भागात असले प्रकार होत असतील तर पीसीच्या आधी हा बसवा.

तिसरं, यूपीएस. "यूपीएस आहे तरी लाईट गेली की पीसी रीस्टार्ट होतो", ही तक्रार फार ऐकायला मिळते आणि लोक यूपीएसची बॅटरी बदलत बसतात. साधा लाइन इंटरॅक्टिव्ह यूपीएस बॅटरीवर जायला ४ ते १० मिलिसेकंद घेतो. तेवढा वेळ एसएमपीएसने स्वतःच्या मोठ्या कॅपॅसिटरवर तग धरायचा असतो, गच्चीवरच्या टाकीसारखं, नळ गेला तरी घरात पाणी येत राहतं. याला होल्ड-अप टाइम म्हणतात आणि चांगल्या युनिटमध्ये तो १६-१७ मिलिसेकंदांच्या आसपास असतो. स्वस्तात पहिली काटछाट होते ती याच कॅपॅसिटरमध्ये, कारण तो महाग असतो. मग टाकी छोटी, गेम चालू असताना लोड जास्त, यूपीएस चालू होईपर्यंत पाणी संपलेलं. घरातल्या इन्व्हर्टरवर पीसी चालवत असाल तर मागचा स्विच यूपीएस मोडवर ठेवा, इको मोडमध्ये तो बॅटरीवर जायला जास्त वेळ लावतो. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर मात्र ॲक्टिव्ह पीएफसीवाला एसएमपीएस नीट चालत नाही, गुणगुणतो, कधी बंद पडतो, तिथे प्युअर साइन वेव्हच पाहिजे.

यूपीएसचा आकार पण बघा. ६०० व्हीए म्हणजे ६०० वॅट नव्हे, साधारण ३६० वॅट. त्यावर ३५० वॅटचा गेमिंग पीसी आणि मॉनिटर लावला तर लाईट गेल्या क्षणी यूपीएस ओव्हरलोड होऊन बीप करत बंद. अशा पीसीला ११०० व्हीएच्या आसपासचा तरी लागतो.

पायरी ६: जोडताना

कॅबिनेटला खाली जाळी असेल तर एसएमपीएसचा फॅन खाली तोंड करून लावायचा, जाळी नसेल किंवा गादीवर-सतरंजीवर ठेवणार असाल तर वर तोंड.

प्रोसेसरचा ८ पिन ४+४ असा असतो आणि ग्राफिक्स कार्डचा ६+२ असा. दिसायला सारखे, पण आतला प्लस-मायनस उलटा. जोर लावून घुसवला तर शॉर्ट. जात नसेल तर तो चुकीचा आहे, थांबा आणि वायरवर काय छापलंय ते वाचा. कार्डला दोन ८ पिन लागत असतील तर एकाच केबलच्या दोन शेपट्या वापरण्यापेक्षा दोन वेगळ्या केबल लावा, एक ८ पिन १५० वॅटसाठी असतो. मोलेक्सपासून (जुना चार पिनचा कनेक्टर) ८ पिन बनवणारे जुगाडू कन्व्हर्टर मोठ्या कार्डला अजिबात लावू नका, वायर वितळते.

१६ पिनचा नवीन कनेक्टर असेल तर तो पूर्ण आत बसलाय का हे टॉर्च लावून बघा, फट दिसता कामा नये, आणि कनेक्टरपासून निदान तीन-चार सेंटीमीटर वायर सरळ ठेवून मग वळवा. ऑक्टोबर २०२२ मध्ये ४०९० आल्यावर लगेच हे कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी सुरू झाल्या आणि अर्धवट बसलेला कनेक्टर हे त्यातलं मोठं कारण निघालं. नंतर एटीएक्स ३.१ सोबत आलेल्या सुधारित कनेक्टरमध्ये छोट्या सेन्स पिना (कनेक्टर बसलाय हे कार्डला कळवणाऱ्या) अजून आखूड केल्या, म्हणजे नीट बसला नाही तर कार्ड पॉवरच घेत नाही.

मॉड्युलर, म्हणजे केबल सुट्या निघणारा एसएमपीएस असेल तर त्याच्याच केबल वापरा. हे मोठ्याने वाचा. मित्राकडच्या दुसऱ्या युनिटची साटा केबल "फिट होते" म्हणून लावायची नाही, कारण एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांचं कुठलंही स्टँडर्ड नाही, ब्रँडगणिक, कधी एकाच ब्रँडमध्ये सिरीजगणिक बदलतात. ५ व्होल्टच्या जागी १२ गेला की हार्ड डिस्क त्या सेकंदाला जाते आणि डेटा पण.

कोकणातल्या लोकांसाठी एक खास, मागच्या रिकाम्या स्लॉटच्या पट्ट्या लावून टाका. उबेला पाल आणि झुरळं आत शिरतात, पाल एसएमपीएसमध्ये गेली की शॉर्ट होतो. पावसाळ्यात पीसी आठवडे-आठवडे बंद ठेवू नका, दोन दिवसाआड अर्धा तास चालवा म्हणजे आतली ओल सुकते.

पायरी ७: चालू झाल्यावर तपासा

बांधून झाल्यावर लगेच खुश होऊन बसू नका, दुकानाकडून बदलून मिळायचे दिवस असतात तेव्हाच ताण देऊन बघा. ओसीसीटी नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर टेस्ट आहे, अर्धा तास चालवा, प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही एकत्र पूर्ण लोडवर जातात. तापमानावर लक्ष ठेवा. वास येतोय का, किरकिर वाढतेय का, पीसी फटकन बंद होतोय का. एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये १२ व्होल्टचं रीडिंग दिसतं पण मदरबोर्डचं ते सेन्सर फार अचूक नसतं, ११.३ दिसलं म्हणून घाबरू नका, मल्टिमीटरने मोलेक्सच्या पिवळ्या आणि काळ्या वायरमध्ये मोजा. लोडवर ११.४ च्या खाली जात असेल तर खरंच प्रॉब्लेम आहे. लाल-काळ्यामध्ये ५ व्होल्टचं.

नंतर कधी गेम खेळताना स्क्रीन काळी होऊन पीसी रीस्टार्ट झाला तर विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये कर्नेल-पॉवर ४१ अशी नोंद दिसेल. लोक ते बघून लगेच एसएमपीएस गेला म्हणतात. ते एवढंच सांगतं की पीसी नीट शटडाऊन न होता बंद झाला, कशामुळे ते नाही. रॅम, ओव्हरक्लॉक, तापमान, सैल केबल हे आधी बघा. फक्त कार्डवर लोड आला की होतं आणि कार्डची पॉवर लिमिट ७० टक्क्यांवर आणली की थांबतं, असं असेल तर मग संशय एसएमपीएसवर.

मदरबोर्डच्या मोठ्या कनेक्टरमधली हिरवी वायर काळीला जोडून फॅन फिरतो का बघायची टेस्ट सगळ्यांना माहीत असते. ती फक्त एवढं सांगते की युनिट चालू होतं. लोडवर कसा वागतो ते त्यातून कळत नाही.

सेकंडहँड आणि दुरुस्ती

सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड घ्या, प्रोसेसर बिनधास्त घ्या, एसएमपीएस शक्यतो नवीन घ्या. आतले कॅपॅसिटर वापराने आणि उष्णतेने सुकतात, बाहेरून ते कळत नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमचं मायनिंग बंद झालं तेव्हा रात्रंदिवस चाललेले युनिट बाजारात आले, त्यातले अजून फिरतायत. घ्यायचाच असेल तर तीन-चार वर्षं वॉरंटी शिल्लक असलेला आणि मूळ बिल सोबत देणाराच बघा.

आणि बंद पडला तर स्वतः उघडू नका, प्लग काढलेला असला तरी. आतल्या मोठ्या कॅपॅसिटरमध्ये ३००-४०० व्होल्ट बराच वेळ राहू शकतात. वरून फुंकर मारून किंवा ब्लोअरने धूळ काढायची, फॅनची पाती बोटाने किंवा काडीने धरून ठेवायची म्हणजे तो उलटा भन्नाट फिरत नाही, एवढंच.

बजेटचं विचाराल तर ५० हजारांच्या पीसीमध्ये चार-साडेचार हजार एसएमपीएसला बाजूला काढून ठेवा आणि मग उरलेल्यात कार्ड निवडा. एवढ्यात चांगला ५५० चा ब्राँझ साधारण बसतो. कार्ड एक पायरी खालचं घ्यावं लागलं तरी चालेल, ते दोन वर्षांनी बदलता येतं, चांगला एसएमपीएस पुढच्या पीसीत पण जातो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या नाहीतर ऑनलाइन, पक्कं जीएसटी बिल घ्या, त्यावर मॉडेलचं पूर्ण नाव आणि सिरियल नंबर लिहून घ्या. थर्मल कागदावरचं बिल वर्षभरात पुसट होतं आणि वॉरंटी पाच-सात वर्षांची असते, तर घरी आल्या आल्या बिलाचा आणि युनिटवरच्या सिरियल स्टिकरचा फोटो काढून स्वतःलाच मेल करून ठेवा, कॅबिनेटमध्ये बसवायच्या आधी, कारण एकदा बसला की तो स्टिकर दिसत नाही.